खाणीची हद्द: मोबाइल की डीजीपीएस?

आपल्या इंदूरच्या आसपास काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या, लहान खाणी बऱ्याच. तपासणीआधी हद्द स्वतः पडताळायची तर मोबाइलचं जीपीएस फुकट, पण उघड्या आकाशाखालीही ते चार-पाच मीटर सहज चुकतं. १०० मीटरच्या एका बाजूवर तेवढ्यानं ४००-५०० चौरस मीटर इकडचे तिकडे! शिवाय १९६१ च्या खाण-नियमांनुसार हद्दीलगत ७.५ मीटरचा पट्टा न खोदता सोडायचा असतो. त्यातला निम्म्याहून जास्त तर या चुकीतच जातो. डीजीपीएसवाला, म्हणजे जीपीएसची चूक सुधारणारं यंत्र घेऊन येणारा मोजणीदार, पैसे घेतो, मात्र सेंटीमीटरांत मोजतो. मुनारा, म्हणजे हद्दीचा खांब, पडला असेल तर त्यालाच बोलवा. रोजच्या अंदाजाला मोबाइल ठीक. पटवारी आणि खनिज निरीक्षक समोर उभे असताना तो पुढे करू नका, हसतील.