जळगावातील विज्ञान कार्यशाळा: हायड्राझीनला पर्याय

जळगावच्या एका विज्ञान केंद्रात झालेली अंतराळयानांच्या इंधनावरील दोन तासांची कार्यशाळा मी मुलीसोबत पाहिली आणि ती मनापासून आवडली. उपग्रहांची दिशा आणि कक्षा सांभाळणाऱ्या छोट्या इंजिनांमध्ये, म्हणजे थ्रस्टरमध्ये, अनेक दशके वापरले जाणारे हायड्राझीन इतके विषारी आहे की ते भरताना तंत्रज्ञांना स्वतंत्र हवापुरवठा असलेला बंदिस्त पोशाख घालावा लागतो, हे सांगताना मार्गदर्शकांनी कपाशीवर तोंडाला नुसता रुमाल बांधून होणाऱ्या फवारणीची आठवण करून दिली, तेव्हा शेतकरी पालकही सावरून बसले. स्वीडनच्या ‘प्रिझ्मा’ उपग्रहावर २०१० मध्ये वापरलेल्या पर्यायी इंधनाचा उल्लेख धावता झाला. भर होता तो नासाने २०१९ मध्ये अवकाशात पाठवलेल्या ‘असेंट’ या द्रवरूप पर्यायी इंधनावर. त्याची घनता हायड्राझीनपेक्षा जास्त असल्याने तेवढ्याच टाकीतून सुमारे ५० टक्के अधिक कामगिरी मिळते. मात्र इंधनाची अभिक्रिया सुरू करणारा उत्प्रेरक आधी बराच तापवावा लागतो आणि ज्वलनाचे तापमानही चढे असल्याने ते सोसणारा थ्रस्टर बनवणे कठीण जाते. ही अडचण न लपवता सांगितली, हे मला सर्वांत मोलाचे वाटले. हायड्रोजन पेरॉक्साइडचे एकमेव प्रात्यक्षिक मागच्या रांगांना दिसले नाही, तेवढी व्यवस्था पुढच्या वेळी सुधारावी.