केइओ कलेक्शन: तीन वर्षं वापरल्यावर

ई. कोलाय या जीवाणूवर पीएचडी करताना मी केइओ कलेक्शन हा संच तीन वर्षं वापरला; यातल्या प्रत्येक जीवाणूतून एकेक जनुक काढलेलं आहे. ‘मागवू का?’ असं लॅबमधले ज्युनिअर विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते. मागवाच.

हिरोतादा मोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये हा संच तयार केला आणि २००६ साली प्रसिद्ध केला. ई. कोलायची ४,२८८ जनुकं एकेक करून काढायचा प्रयत्न झाला. ३,९८५ निघाली, ३०३ निघाली नाहीत. निघालेल्या प्रत्येक जनुकाच्या जागी कानामायसिन हे प्रतिजैविक सोसणारं जनुक बसवलेलं आहे. त्यामुळे कानामायसिन घातलेल्या अगारवर, म्हणजे जीवाणू वाढवायच्या जेलीवर, जो वाढेल तो आपला. आणि ते नको असेल तर पीसीपी२० प्लाझ्मिड (डीएनएचं छोटं कडं) घालून उडवताही येतं.

माझा जीव जडला तो न निघालेल्या, म्हणजे जीवाणूला जगायला बहुधा आवश्यक असलेल्या ३०३ जनुकांवर. त्यात एफटीएस-झेड हे जनुक आहे, ज्याच्याशिवाय पेशीचे दोन भागच होत नाहीत. नवी प्रतिजैविकं शोधणाऱ्यांनी आधी ही यादी वाचावी.

पण ‘आवश्यक’ हा शब्द जपून वापरा. ही निवड एलबी या पोषक माध्यमावर झालेली आहे, म्हणजे जीवाणूला आयतं, भरपेट जेवण. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणारं जनुक काढलेला क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेला जीवाणू) मी एलबीवर लावला, सकाळी छान वाढलेला. तोच एम९ ग्लुकोजवर, म्हणजे फक्त क्षार आणि साखर असलेल्या माध्यमावर लावला, तर दोन दिवसांनीही प्लेट कोरी. ट्रिप्टोफॅनचे थेंब घातले आणि वसाहती आल्या. त्या दिवशी मला हा विषय खऱ्या अर्थाने कळला.

एक कळकळीची सूचना: बाटलीवरच्या नावावर विसंबू नका. काही क्लोनमध्ये जनुकाची दुसरी प्रत शिल्लक राहिल्याचं निर्मात्यांनीच २००९ मध्ये प्रसिद्ध केलंय. आमच्याकडे ९६ खाचांच्या प्लेटची नक्कल करताना शेजारच्या खाचेतला क्लोन मिसळला होता, आणि माझे दोन महिने गेले. म्हणून प्रत्येक क्लोन आधी एकेका वसाहतीपर्यंत पसरा, मग जनुकाच्या दोन्ही बाजूंच्या प्रायमरने (डीएनएच्या छोट्या तुकड्यांनी) पीसीआर करून तिथला डीएनए तपासा. प्रत्येक जनुकाचे दोन स्वतंत्र क्लोन मुद्दाम दिलेले आहेत, दोन्ही वापरा. दोघांचं वागणं जुळलं तरच निष्कर्ष वहीत लिहा.

मूळ प्लेट उणे ८० अंश सेल्सिअसमध्ये ठेवा आणि रोजच्या कामाला नक्कलच काढा.