कस्टोडियनची वसुली: सेट-ऑफ, लिअन की प्लेज?

बाणेरला ऑफिस थाटून पहिला एआयएफ (बड्या गुंतवणूकदारांचे पैसे एकत्र करून गुंतवणारा खासगी फंड) काढणारे कस्टोडियनशी (फंडाचे रोखे सांभाळणारी संस्था) फीवरून भरपूर घासाघीस करतात आणि थकबाकी-वसुलीच्या कलमावर डोळे झाकून सही करतात. सेबीच्या २०२४च्या दुरुस्तीनंतर लहान फंडालाही कस्टोडियन नेमावाच लागतो. तेव्हा मसुदा हातात आला की ते कलम आधी काढा.

देणं दोन वाटांनी साचतं. एक थकलेली फी. दुसरी, टी+१ सेटलमेंटच्या दिवशी (सौद्याच्या पुढच्या कामकाजाच्या दिवशी पैसे चुकते करायचे असतात) ड्रॉडाउनचे, म्हणजे गुंतवणूकदारांकडून मागवलेले, पैसे वेळेत आले नाहीत म्हणून बँक-कस्टोडियनने घातलेली भर.

सेट-ऑफ सर्वांत सुटसुटीत: फंडाच्या खात्यातली शिल्लक वळती करून घ्यायची. तो फक्त रोख रकमेपुरता चालतो. एका स्कीमचं देणं दुसरीच्या खात्यातून वसूल होणार नाही, एवढं मात्र लिहून घ्या.

खरी मेख लिअनमध्ये, म्हणजे येणं फिटेपर्यंत वस्तू अडवून ठेवण्याच्या हक्कात आहे. कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्ट, १८७२च्या कलम १७१मध्ये सरसकट लिअन मिळणाऱ्यांच्या यादीत बँकर आहे, फॅक्टर (दुसऱ्याचा माल विकून देणारा अडत्या) आहे, गोदीवाला आहे, कस्टोडियन नाही. शिवाय केवळ सांभाळायला दिलेल्या वस्तूवर बँकरचा लिअनही सहसा लागत नाही. म्हणून कस्टोडियन तो करारातच लिहून घेतात, आणि हात सैल सोडून लिहितात: ‘आमची किंवा ग्रुप कंपन्यांची कोणतीही येणी’. वर विक्रीचा अधिकारही जोडतात, कारण नुसत्या लिअनने रोखे अडवता येतात, विकता येत नाहीत.

प्लेज, म्हणजे रोखे तारण ठेवणं, ऐकायला सर्वांत कडक, पण फंडाला संरक्षण त्यातच जास्त. डिपॉझिटरीज अ‍ॅक्ट, १९९६च्या कलम १२नुसार त्याची डिपॉझिटरीकडे (डीमॅट रोख्यांची नोंद ठेवणारी संस्था) नोंद होते. विकण्याआधी कॉन्ट्रॅक्ट अ‍ॅक्टच्या कलम १७६ची वाजवी नोटीस लागते. डीमॅट शेअर्सनाही ती चुकत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२मध्ये पीटीसी इंडिया फायनान्शियलच्या खटल्यात सांगितलं. तोटा एवढाच की शेअर अडकून पडतात आणि सोडवायला दर वेळी कागद फिरवावे लागतात.

सेबीने केलेल्या एआयएफच्या तीन कॅटेगरींपैकी पहिल्या-दुसऱ्या कॅटेगरीच्या फंडाला तात्पुरती उसनवारी एका वेळी ३० दिवस, वर्षात चारदा आणि गुंतवणूकयोग्य निधीच्या १० टक्क्यांपर्यंतच करता येते. एवढ्यासाठी कायमचा प्लेज कशाला? त्याच स्कीमपुरता सेट-ऑफ आणि फी व सेटलमेंटच्या रकमेपुरता लिअन पुरे. तिसऱ्या कॅटेगरीत कर्जाऊ पैशावर खेळणार असाल, तर प्लेजचा विचार करा. ‘ग्रुप कंपन्या’ खोडायला कस्टोडियन तयारच नसेल, तर दुसऱ्याचं कोटेशन मागवा.