बोर्दो: २०१६ घ्यावे की २०१७?

फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या वाइनची २०१६ आणि २०१७ ही लागोपाठची साले (म्हणजे द्राक्षे तोडल्याची वर्षे) शेजारी ठेवली की केवळ सालाच्या लौकिकावर बाटली घेणे किती फसवे असते, ते कळते. २०१६ मध्ये वसंतात भरपूर पाऊस झाला, पुढे उन्हाळा कोरडा गेला, सप्टेंबरच्या मध्यास नेमकी सर आली आणि गार रात्रींमुळे द्राक्षांतली आम्लता टिकली. म्हणूनच त्या वाइनमध्ये टॅनिन (द्राक्षांच्या सालीबियांतून येणारा तुरट घटक) भरपूर असूनही ते जिभेला ओरबाडत नाही. २०१७ च्या एप्रिलअखेरीस मात्र कडाक्याच्या थंडीने दव गोठले. मळ्यांत रात्रभर मेणबत्त्या पेटवूनही सखल भागांतले कोवळे कोंब सकाळी करपलेले दिसले. तरीही झिरोंद खाडीलगतचे पॉइयाक, सँ-झुलियाँ येथील मळे पाण्याच्या उबेमुळे बरेचसे बचावले, त्यामुळे त्यांच्यावरही ‘पडते साल’ (कमी दर्जाचे वर्ष) असा शिक्का मारणे मला अन्यायाचे वाटते. वीस वर्षे थंड तळघरात ठेवण्याची सोय असेल, तर २०१६ साठी जादा पैसे मोजावेत. ती नसेल (आणि मुंबईच्या उकाड्यात कपाट म्हणजे तळघर नव्हे), तर लवकर पिण्याजोगी होणारी, खाडीकाठच्या चांगल्या उत्पादकाची २०१७ घ्यावी.