राजारामपुरीतलं 'एमएस ब्लड पॅकेज': सुई टोचणाऱ्याला पाच स्टार, काउंटरला एक

सेंटरचं नाव लिहीत नाही, काउंटरवरची पोरं पगारीच आहेत, त्यांना उगाच कुणी झापायला नको. कोल्हापूरच्या राजारामपुरीतलं एक कलेक्शन सेंटर, दुसरा मजला, लिफ्टवर 'बंद आहे' असा कागद आणि त्या कागदाचाच रंग उडालाय, म्हणजे बघा किती दिवस झाले असतील. ताईला घेऊन गेलेलो. तिला तीन वर्षांपूर्वी एमएस निघाला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मणक्यातल्या नसांवर उलटते तो आजार. डावा पाय ओढत चालते आणि अंग तापलं की डोळ्यापुढं धुरकट होतं, या आजारात उकाड्यानं जुनी लक्षणं तात्पुरती डोकं वर काढतातच. त्यात मे महिना, दोन जिने, वेटिंगला एकच पंखा तोही काउंटरकडं तोंड करून. वर फोनवर सांगितलेलं उपाशी या! आमचे डॉक्टर नंतर म्हणाले या टेस्टना उपाशी राहायची काही गरजच नव्हती.

भिंतीवर बोर्ड, 'रक्तातून एमएसचे निदान'. काउंटरवाला पण ठासून सांगतोय, सर कन्फर्म कळतं. कसं कळंल भावा? एमएस आहे का नाही हे एकट्यानं सांगणारी रक्ताची टेस्ट अजून आलेलीच नाही, जगभर शोधाशोध चालू आहे ती त्यासाठीच. ताईचं निदान झालं ते लक्षणं, एमआरआय आणि पाठीतनं पाणी काढून. त्या पाण्यात ऑलिगोक्लोनल बँड, म्हणजे अँटिबॉडीचे ठरावीक पट्टे, बघतात आणि त्याच वेळी रक्तपण घेतात, का तर ते बँड फक्त पाण्यातच आहेत, रक्तात नाहीत हे दिसायला पाहिजे. म्हणजे रक्ताचं काम तिथं साक्षीदाराचं.

आम्ही गेलेलो एनएफएलसाठी, न्यूरोफिलामेंट लाइट चेन. नसांच्या तंतूंना इजा झाली की त्यातनं हे प्रोटीन सुटतं, आधी पाठीच्या पाण्यात आणि त्यातलं अगदी थोडं रक्तात. मोजतात पिकोग्रॅममध्ये, एका ग्रॅमचा लाख कोटीवा भाग, त्यामुळं साध्या मशीनचं हे काम नाही आणि सॅम्पल बाहेरगावी जातं. आता उसाच्या पट्ट्यात लांबनं धूर दिसला तर कायतरी जळतंय एवढंच कळतं, गुऱ्हाळ पेटलंय का कुणी पाचट पेटवलंय ते धुरावरनं सांगता येत नाही, तसंच हे. स्ट्रोक, डोक्याला मार, एएलएस नावाचा नसांचा आजार, कशानंही वाढतं. वयानं वाढतं, किडनी कमजोर असली तरी वाढतं, आणि वजनदार माणसात उलट कमी दिसतं. ज्याचं निदान आधीच झालंय त्याचा आजार शांत आहे का, औषध लागू पडतंय का याचा अंदाज घ्यायला हा आकडा कामाचा.

पॅकेजमध्ये एक्वापोरिन-4 आणि मॉग अँटिबॉडी पण होत्या, एमएससारखे दिसणारे दुसरे आजार ओळखायच्या टेस्ट. नव्या पेशंटसाठी या खरंच मोलाच्या, कारण एनएमओ नावाचा आजार एमएससारखाच दिसतो आणि त्याची अँटिबॉडी, म्हणजे हीच एक्वापोरिन-4 वाली, 2004 मध्ये सापडली तेव्हापासनं दोन्ही वेगळे काढता येतात. एमएसची काही औषधं एनएमओत उलटी पडतात म्हणून हे लई महत्त्वाचं. फक्त टेस्ट सेल-बेस्ड पद्धतीनं, म्हणजे पेशींवर तपासून करतात का ते विचारा, एलायझा नावाच्या दुसऱ्या पद्धतीत चुकीचा पॉझिटिव्ह यायची शक्यता जास्त. ताईचं हे सगळं पहिल्याच वर्षी झालंय, तरी पॅकेज फोडून मिळत नाही म्हणे. आणि एपस्टीन-बार व्हायरसची अँटिबॉडी कशाला कोंबलीय देव जाणे. 2022 ला अमेरिकन सैन्यातल्या 1 कोटीहून जास्त लोकांचा अभ्यास आला, त्यात या व्हायरसनंतर एमएसची शक्यता 32 पट दिसली, खरंय, पण हा व्हायरस बहुतेक सगळ्या मोठ्या माणसांना कधीतरी होऊन गेलेला असतो. माझी टेस्ट केली तर माझीपण पॉझिटिव्हच येईल की!

आता चांगलं. रक्त घेणारी मुलगी, नाद खुळा. स्टेरॉइडच्या सलायनी घेऊन घेऊन ताईच्या शिरा सापडत नाहीत, दवाखान्यात तीन तीनदा टोचतात. हिनं हात शेकायला लावला, गप्पा मारत मारत एकाच टोच्यात काम केलं, वर पंखा स्वतः उठून आमच्याकडं फिरवला.

रिपोर्ट सांगितलेल्या दिवसापेक्षा चार दिवस उशिरा, व्हॉट्सॲपवर. आकडा आहे पण शेजारी रेंज सगळ्या मोठ्या माणसांना मिळून एकच, वयाप्रमाणं नाही, आणि पद्धतीचं नाव गायब. फोन केला तर म्हणे डॉक्टरांना विचारा. डॉक्टरांनी बघितलं, म्हणाले एका आकड्यावर काही बोलत नाही, सहा महिन्यांनी परत करा पण त्याच लॅबला आणि त्याच पद्धतीनं, नाहीतर तुलनाच होत नाही. म्हणजे परत तोच जिना.

नोव्हेंबरमध्ये जाणार. सकाळी सातला, ऊन चढायच्या आत, आणि आधी मिसळ खाऊन.