ऑल्टर्ड डॉमिनंट: स्केलमधून शिकावी की ट्रायडमधून?

साधी डॉमिनंट सेव्हन (मूळ सुराकडे ओढणारी चार सुरांची कॉर्ड, जशी सी मायनरकडे नेणारी जी सेव्हन: जी, बी, डी, एफ) हाताला बसली की ऑल्टर्ड कॉर्डचा, म्हणजे तिचेच पाचवा आणि नववा स्वर अर्धा स्वर वर-खाली सरकवलेल्या रूपाचा, नाद लागतोच. शिकायच्या वाटा मुख्यतः दोन. पहिली, अर्धा स्वर वरची मेलडिक मायनर (गंधार कोमल, बाकी स्वर शुद्ध अशी स्केल) घ्यायची: जी सेव्हनला ए-फ्लॅट मेलडिक मायनर, की बदललेले सगळे स्वर हाताशी. दुसरी, डाव्या हातात नुसते एफ आणि बी (जीचे कोमल निषाद आणि शुद्ध गंधार) धरायचे आणि उजव्या हातात वर एक मेजर ट्रायड (सा, शुद्ध गंधार, पंचम अशी तीन सुरांची कॉर्ड) ठेवायची.

सोलो वाजवायचा असेल तर स्केलला तोड नाही, हे आधीच सांगून टाकतो. हार्मोनियमवरून पियानोकडे आलेल्यांना तर ती पटकन उमगते. जीला सा माना: रे, धैवत, निषाद कोमल, मध्यम तीव्र, गंधार दोन्ही, पंचम वर्ज्य.

पण मला छळलं ते एकाच गोष्टीनं. स्केल स्वर देते, कॉर्ड देत नाही. सातांतले कुठले चार उचलायचे, वर कुठला ठेवायचा, हे दर वेळी आपणच ठरवायचं. डोक्यात ए-फ्लॅट घोळत असतो, बेस जीवर, आणि आपला निर्णय होईपर्यंत सी मायनर येऊनही गेलेली असते. त्यात ए-फ्लॅट, बी-फ्लॅट, बी हे तिघे डाव्या हातात शेजारी-शेजारी पडले की खालच्या सप्तकात नुसता चिखल.

ट्रायडमध्ये ही निवडानिवड उरत नाही. कोमल धैवतावरची मेजर, म्हणजे ई-फ्लॅट, घेतली की शार्प फाइव्ह आणि शार्प नाइन (चढवलेले पाचवा आणि नववा) आले. तीव्र मध्यमावरची, म्हणजे डी-फ्लॅट, घेतली की फ्लॅट फाइव्ह आणि फ्लॅट नाइन (तेच दोन उतरवलेले). पट्टी कुठलीही असो, हिशेब हाच. बी सेव्हनला भलेभले बिचकतात. तिथे डाव्या हातात ए आणि डी-शार्प, आणि उजव्यात चक्क जी मेजर किंवा एफ मेजर, सगळ्या पांढऱ्या पट्ट्या!

जी सेव्हन सी मायनरवर सुटतेही छान. उजव्या हातात ए-फ्लॅट, डी-फ्लॅट, एफ असे धरा. तिन्ही बोटं एकेक पायरी खाली उतरली की जी, सी, ई-फ्लॅट, म्हणजे सी मायनर. डावा हात एफ-बीवरून ई-फ्लॅट, बी-फ्लॅटवर.

उणं नाही असं नाही. दोन्ही हात अडकतात, त्यामुळे धून स्वतःच वाजवणाऱ्याला ही वाट थोडी अडचणीची. शिवाय बेसवाला सोबत नसेल तर डी-फ्लॅटची ट्रायड कानाला सरळ डी-फ्लॅट सेव्हनच वाटते. खाली जी वाजल्याशिवाय ती जीची होत नाही. एकट्यानं बसणाऱ्यानं म्हणून ई-फ्लॅटवालीच आधी घ्यावी, तिच्यात जी असतोच. गायकाच्या साथीला बसत असाल तर मात्र मी तरी स्केल नंतरसाठी ठेवेन, आणि सुरुवात बी सेव्हनपासून करेन.