ट्रान्झिशन इयर: परीक्षा नसलेल्या वर्षात अभ्यास होतो का?

डब्लिनमधल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांत मूल माध्यमिक शाळेच्या थर्ड इयरला गेलं की हमखास चर्चा सुरू होते. ज्युनियर सायकल (माध्यमिकची पहिली तीन वर्षं) झाल्यावर टीवाय, म्हणजे ट्रान्झिशन इयर हे मधलं वर्ष घ्यायचं, की सरळ फिफ्थ इयर? 'वर्ष वाया जाईल' हा धसका सगळ्यांनाच असतो. माझ्या लेकीचं टीवाय या मे महिन्यात संपलं, म्हणून फक्त अभ्यासापुरतं लिहिते.

आयर्लंडमध्ये हे वर्ष 1974 मध्ये सुरू झालं. बहुतेक शाळांत ते ऐच्छिक असतं. सरकारी परीक्षा नसते, कार्यक्रम शाळाच आखते. लीव्हिंग सर्टचा (शाळेच्या शेवटच्या सरकारी परीक्षेचा) दोन वर्षांचा अभ्यास तीन वर्षांत पसरवण्यासाठी हे वर्ष नाही, हे शिक्षण खात्याचं जुनंच धोरण आहे. त्यामुळे पुढचा पोर्शन आधीच उरकून मिळेल या आशेने जाऊ नका.

मग करतात काय? इतिहासाचं सांगते, कारण तिथे मला खरा अभ्यास दिसला. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची मुलाखत घेऊन त्यावर प्रकल्प करायचा होता. लेकीने माझ्या आईला फोन लावला आणि 1972 च्या दुष्काळाबद्दल विचारलं. खडी फोडायचं काम, सुकडी, पाण्यासाठीची पायपीट. यातलं बरंचसं आईने मलाही कधी सांगितलं नव्हतं. लेकीने ते मराठीत उतरवलं, मग इंग्रजीत आणलं. बाईंनी पहिला मसुदा परत पाठवला: आजी सांगते ते साल कशावरून? दुसरा पुरावा कुठे आहे? आठवण आणि नोंद यांत फरक पडला तर काय करशील? पोरगी जुन्या बातम्या आणि अहवाल शोधत बसली. ज्युनियर सायकलला तिने इतिहास पाठ केला होता. इथे तो तिला तपासावा लागला. वर्षाअखेरीला पोर्टफोलिओ आणि तोंडी मुलाखत असते, तिथे या कामावर तिला भरपूर प्रश्न विचारले गेले आणि ती न अडखळता बोलली.

वर्क एक्स्पिरिअन्स, मिनी कंपनी (मुलांनी चालवलेला छोटा धंदा), गॅशका (राष्ट्राध्यक्षांचा युवा पुरस्कार) हे सगळं छान झालं.

गणिताबाबत मात्र मी नाराज आहे. आमच्या शाळेत सहली आणि पाहुण्यांची व्याख्यानं नेमकी गणिताच्या तासांवर यायची. संख्याशास्त्र आणि पैशांचे हिशेब शिकवले, ते उपयोगीच आहेत, पण बीजगणिताचा सराव जवळजवळ सुटला. हायर लेव्हल, म्हणजे वरच्या पातळीच्या गणितात एच-6 (वरून सहावी श्रेणी) किंवा वरची श्रेणी मिळाली तर कॉलेज प्रवेशासाठी 25 जादा गुण मिळतात, आणि त्या वाटेला जाणाऱ्या मुलांना हा खंड फार जड जातो. मी शाळेला तसं लेखी कळवलं. उत्तर सौजन्याचं आलं, वेळापत्रक तेच राहिलं. वसंतात आम्ही घरीच आठवड्याला दोन संध्याकाळी जुनं बीजगणित काढून बसायला लागलो.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. लहान वयात शाळेत गेलेल्या किंवा नुकत्याच भारतातून आलेल्या मुलांना तर हे वर्ष जरूर द्या. फॉर्म भरण्याआधी माहितीसभेत दोनच गोष्टी विचारा: गणिताचे आठवड्याला प्रत्यक्ष किती तास होतात, आणि पोर्टफोलिओ कोण, कसा तपासतं. धाकट्याच्या वेळी मी या दोन्हींची उत्तरं लेखी मागणार आहे.